तेवीस नंबरची हजेरी

"एकच मुलगी, एकाच दिवशी, एकाच वेळी, पंचवीस किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांत कशी काय असू शकते?"

डॉक्टर अनसूया कोळेकरांनी हे कोडं मला घातलं, तेव्हा मी मिरजेच्या रक्तकेंद्रात खिडकीजवळच्या खाटेवर आडवी होते आणि कुणा अनोळखी माणसाचं रक्त माझ्या डाव्या हातात थेंबथेंब उतरत होतं. कोळेकर बाई रक्तावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ आहेत. वय सत्तरीकडे झुकलेलं, पांढऱ्या केसांचा अंबाडा आणि त्या अंबाड्यात कायम खोचलेली एक पेन्सिल. केंद्रातली सगळी मुलं त्यांना कोळेकर आजी म्हणतात.

"जुळ्या असतील," मी म्हणाले.

"एकच आहे."

"मग तिच्याकडे काळयंत्र असेल."

"ते बनवायला मला अजून वेळ मिळालेला नाही," आजी म्हणाल्या. "केतकी शिरतोडे, पंधरा जुलैला सकाळी अकरा वाजता तू याच खाटेवर होतीस. मी स्वतः तुझ्याशी गप्पा मारल्यात. आणि तुझी शाळा म्हणते, की पंधरा जुलैला तू तासगावात नववी ब च्या वर्गात पूर्ण दिवस हजर होतीस. आता बोल."

माझं तोंड उतरलं. कोड्याचं उत्तर मला पाठ होतं. पण ते सांगितलं असतं तर आमच्या अख्ख्या वर्गाच्या माना अडकल्या असत्या, आणि सगळ्यात आधी आमच्या सरांची.

थांबा, मी आधी माझी ओळख करून देते, नाहीतर तुम्हाला ही भुताखेताची गोष्ट वाटेल.

ही हकिकत सुरू झाली सन २०४३ च्या जानेवारीत. आम्ही तासगावचे, म्हणजे बेदाण्यांच्या गावचे. बाबा बेदाण्याच्या शेडमध्ये प्रतवारीचं यंत्र चालवतात, आई शिवणकाम करते. मला जन्मापासून थॅलेसेमिया आहे (रक्तातलं हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याचा, आईवडिलांकडून येणारा आजार). हा आजार माझ्यापासून कुणाला लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण बालवाडीत एका मावशींनी माझा डबा वेगळ्या फळीवर ठेवला होता.

हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशींमध्ये असणारा, श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवणारा पदार्थ. लाल पेशी तुमच्या अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मऊ गरात) रोज तयार होतात. माझ्याही होतात, पण कच्च्या. म्हणून दर एकवीस दिवसांनी मला दुसऱ्यांच्या लाल पेशी घ्याव्या लागतात.

रक्त घेतल्यावर पहिला आठवडा मी वाघ असते. दुसऱ्या आठवड्यात माणूस. तिसऱ्या आठवड्यात शाळेचा जिना चढताना दोनदा थांबते आणि बुटाची नाडी बांधायचं नाटक करते. शेवटचे दोन-तीन दिवस तर अंथरुणातून उठवत नाही. मग मिरज, मग पुन्हा वाघ. म्हणजे दर तीन आठवड्यांत तीन-चार दिवस शाळा बुडायचीच.

नववीपर्यंत हे निभावलं. दहावी जवळ आली तसा बाबांनी विषय काढला. "केतू, सतरा नंबरचा फॉर्म भरूया का? घरी बसून अभ्यास कर, बाहेरून परीक्षा दे. किती ओढाताण करून घेशील?"

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता दहावीला बसण्याचा अर्ज. त्यात वाईट काहीच नाही. माझे मामा तसेच पास झाले आणि आज त्यांचं चांगलं चालतं दुकान आहे. बाबांचंही चुकत नव्हतं. जिन्यावर नाडी बांधणारी मी त्यांना एकदा दिसले होते. पण मला शाळा हवी होती. रुबिना मुलाणीशेजारचा बाक हवा होता, वाघमोडे सरांचं गणित हवं होतं, मधल्या सुट्टीतली भांडणंसुद्धा हवी होती. आजारपणात घरी बसणं होतंच की, त्यासाठी आणखी अर्ज कशाला करायचा? मी इतकी रडले की शेवटी आईने तोडगा काढला. "जूनपर्यंत बघू," ती म्हणाली. माझ्या हातात पाच महिने होते.

त्याच महिन्यात मी कोळेकर आजींना एक प्रश्न विचारला. तो बरेच दिवस मनात सलत होता.

"आजी, पुस्तकात लिहिलंय, की लाल पेशी साधारण एकशेवीस दिवस जगते. मग मी घेतलेलं रक्त एकवीस दिवसांत कसं उतरतं? लोक बिचारे सुई टोचून घेऊन रक्त देतात आणि मी ते वाया घालवते का?"

आजींनी खुर्ची जवळ ओढली.

"तुमच्या शाळेत पहिली ते दहावी वर्ग आहेत ना? समजा, ही अख्खी शाळा उचलून दुसऱ्या गावात नेली. आणि तिथे पहिलीत नवीन मूल घ्यायचंच नाही, असं ठरलं. वर्षाच्या शेवटी काय होईल?"

"दहावीची मुलं पास होऊन जातील."

"पुढच्या वर्षी?"

"तेव्हा नववीची दहावीत आलेली असतील, ती जातील. दरवर्षी एक वर्ग कमी."

"रक्ताच्या पिशवीतही अशीच शाळा असते," आजी म्हणाल्या. "त्यात कालच जन्मलेली पेशी असते, साठ दिवसांची असते आणि उद्या ज्यांचे दिवस भरणार अशाही असतात. रक्त देणाऱ्याच्या अंगात रोज नवी भरती होते, म्हणून त्याला गळती जाणवत नाही. तुझी अस्थिमज्जा पहिलीत प्रवेश देत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वर्ग रिकामे व्हायला लागतात आणि एकवीस दिवसांत शाळा ओस दिसायला लागते. यात तू काय वाया घालवलंस? काहीच नाही."

मी खिडकीकडे तोंड वळवलं. मला रडू आलं होतं, पण ते सुखाचं होतं. चौदा वर्षं मला वाटत आलं होतं, की माझं अंग लोकांनी दिलेल्या वस्तूची नासाडी करतं.

डोळे पुसून झाल्यावर एकदम सुचलं. "आजी, आणि नव्या गावात फक्त पहिलीचीच मुलं नेली तर?"

आजींनी अंबाड्यातली पेन्सिल उपसली. फार आनंद झाला की त्या असं करतात.

"तर?"

"तर नऊ वर्षं शाळेतून कुणी बाहेरच पडणार नाही!"

"शाबास! हाच माझा प्रयोग आहे. त्याला मी तरुण रक्त म्हणते. पिशवीतल्या फक्त कोवळ्या पेशी निवडायच्या आणि त्याच तुम्हा मुलांना द्यायच्या."

"पण कोवळी पेशी ओळखायची कशी? तिच्या तोंडावर वय थोडंच लिहिलेलं असतं?"

"तासगावची ना तू? डबा काढ."

माझ्या डब्यात बेदाणे होते आणि शेजारच्या मळ्यातली चार द्राक्षंही होती. आजींनी पेलाभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं. त्यात द्राक्ष टाकलं, ते तरंगलं. बेदाणा टाकला, तो सरळ तळाला गेला.

"द्राक्षाचा बेदाणा होताना काय होतं?" आजींनी विचारलं.

हे मला कुणी शिकवायला नको होतं. "पाणी उडून जातं. तो आकसतो."

"म्हणजे कमी जागेत गर ठासून बसतो. त्याची घनता वाढते (घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान मावलंय त्याचं माप). लाल पेशीचंही वय वाढतं तसं थोडं पाणी जातं, ती आकसते, किंचित घट्ट होते. फरक इतका बारीक असतो, की नुसत्या पेल्यात कळणार नाही. तिथे माझ्या वडिलांची विद्या उपयोगी पडली. ते दूध डेअरीत साय वेगळी करायच्या यंत्रावर कामाला होते. दूध जोरात गोल फिरवलं, की जड भाग कडेला फेकला जातो आणि हलकी साय मध्याजवळ राहते. माझं अपकेंद्री यंत्र (वेगाने गोल फिरवून जड आणि हलकं वेगळं करणारं यंत्र) हेच रक्ताचं करतं. म्हाताऱ्या पेशी कडेला, कोवळ्या मध्याशी."

"मग मला शंभर दिवस मिरजेला यायला नको!"

"हावरट!" आजी हसल्या. "यंत्राची निवड शंभर टक्के अचूक नसते आणि काही पेशी वयाआधीच थकतात. एकवीसचे बत्तीस-तेहतीस दिवस होतील, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, बरं का. म्हणून तर प्रयोग करायचा."

तेहतीस दिवस! म्हणजे वर्षाला सतरा फेऱ्यांऐवजी अकरा. रक्ताबरोबर अंगात साचणारं जादाचं लोहही कमी. एवढं झालं तर बाबा सतरा नंबरच्या फॉर्मचं नाव काढणार नाहीत, याची मला खात्री होती.

केंद्रात आम्ही चाळीस मुलं, आणि प्रयोगात जागा सहा. आजारामुळे ज्यांचे सर्वांत जास्त दिवस बुडतात, त्यांना आधी घ्यायचं असं ठरलं. शाळांनी हजेरी पाठवली, संगणकाने यादी लावली. माझा नंबर पहिल्या सहात असणार, म्हणून मी घरी बढाया मारून ठेवल्या होत्या. यादीत माझा नंबर आला चौतिसावा.

आणि म्हणून फेब्रुवारीतल्या त्या दिवशी आजी मला कोडं घालत होत्या. शाळेच्या नोंदीप्रमाणे माझी हजेरी होती अठ्ठ्याण्णव टक्के.

तर आता उत्तर. आमच्या वर्गाच्या दारावर हजेरी घेणारा कॅमेरा आहे. तो चार पावसाळ्यांपूर्वी भिजला आणि त्याच्या दुरुस्तीचा अर्ज अजून वर कुठेतरी फिरतोय. त्यामुळे वाघमोडे सर जुन्या पद्धतीने, फळ्याकडे तोंड करून नंबर पुकारतात आणि मग ते संगणकात भरतात. माझा नंबर तेवीस. सहावीत असताना एकदा मी आले नव्हते, तर तेवीस नंबरला रुबिनाच "हजर सर" म्हणाली. माझी हजेरी कमी पडून मला कुणी शाळेतून काढेल, अशी तिला भीती वाटली होती. मग हे सगळ्यांनीच उचललं. रुबिनाने पाळ्या लावून दिल्या. आज पहिला बाक, उद्या दुसरा.

नववीत संकेत खरातची पाळी आली, तेव्हा त्याचा आवाज नुकताच फुटला होता. "तेवीस?" सर म्हणाले आणि "हजर सर!" असा रेड्याचा आवाज वर्गात घुमला. वर्गातले सगळे माना खाली घालून हसत होते. सरांनी मान वळवली नाही.

"चोवीस," ते म्हणाले.

हे सगळं मी आजींना सांगून टाकलं. शेजारी फुंकर उभा होता. फुंकर म्हणजे आमच्या केंद्रातला यंत्रमानव. सुई टोचण्याआधी तो हातावर गार हवा सोडतो, म्हणून मुलांनी त्याचं हे नाव ठेवलंय. तो म्हणाला, "कोडं सुटलं. काळयंत्राची गरज नाही."

आजी मात्र हसल्या नाहीत.

"किती मायेची पोरं आहेत गं तुझी! आणि केवढा घोळ घालून ठेवलाय त्यांनी. संगणकाला काय दिसलं? या मुलीचं हिमोग्लोबिन नऊवर येतं, तरी ती रोज शाळेत असते. म्हणजे हिला काही त्रासच नाही. अशा दहा मुलांच्या नोंदी माझ्याकडे आल्या, तर मी लिहून मोकळी होईन, की या आजाराने शाळा बुडत नाही. मग नवा उपचार हवाच कशाला? केतकी, लबाडीने लिहिलेला आकडा असो नाहीतर मायेने लिहिलेला, खोटा असेल तर विज्ञानाची वाट तो सारखीच चुकवतो."

"पण खरी नोंद केली तर माझी हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाईल," मी म्हणाले. "नियमात ती पंचाहत्तर लागते. मग बाबा फॉर्म भरणारच."

"तो विचार तुला करायचाय. पंधरा दिवसांत शाळेकडून दुरुस्त नोंद आली, तर मी यादी पुन्हा लावीन. तुझा नंबर लागेलच, असं वचन देणार नाही."

विजेवरच्या एसटीतून घरी येताना मी तासभर बाहेर बघत होते. खोटं ठेवावं तर तरुण रक्त हुकणार. खरं सांगावं तर हजेरी जाणार, वर सर अडचणीत येणार. ज्यांनी माझ्यासाठी एवढं केलं त्यांचीच चुगली करायची? पण आजींचं बोलणं पाठ सोडत नव्हतं. माझ्यासारखी आणखी किती मुलं, आणि त्यांच्या नोंदी माझ्या खोट्या आकड्यामुळे पुसट होणार.

दुसऱ्या दिवशी मी रुबिनाला सांगितलं. ती म्हणाली, "चल सरांकडे. मी येते."

सरांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"मी फळ्याकडं तोंड करून नंबर का घेतो, ठाव हाय का? वळून बघितलं असतं, तर खोटं डोळ्यानं बघायला लागलं असतं. मला वाटलं, पोरीचं वरीस वाचंल." ते उठले. "चूक माझी हाय, पोरांची न्हाई. चला मोठ्या बाईंकडं. केतकी, वडलांनाबी फोन लाव."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी सरांना आमच्यादेखत असं काही झापलं, की मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. पण कोणते दिवस खरे आणि कोणते खोटे हे आता कसं शोधायचं? त्यावर रुबिनाने दप्तरातून वही काढली. मागच्या पानांवर पाळ्यांची यादी होती. तारीख, आणि त्या तारखेला तेवीस नंबरला कोण बोललं त्याचं नाव. पाळीवरून भांडणं होऊ नयेत म्हणून तिने जून महिन्यापासूनची एकही तारीख सोडली नव्हती.

बाबा शेडमधून तसेच आले होते, बाह्यांना बेदाण्याची धूळ. त्यांनी ती वही हातात घेतली आणि एकेक नाव वाचत बसले. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले. "आणि मी हिला या पोरांतनं उठवून घरी बसवत होतो," ते एवढंच म्हणाले.

खरी हजेरी निघाली बहात्तर टक्के. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, एका पानावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून सरांकडे पाहिलं.

"आजारपणासाठी सवलतीचा अर्ज करता येतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं, झालं. इतक्या वर्षांत कुणी केला का? नियम वाचायला तुम्हाला सवड नाही आणि मोडायला बरी मिळते!"

सर आणि बाबा, दोघंही शाळकरी पोरांसारखे जमिनीकडे बघत होते.

कोळेकर आजींनी रुबिनाची यादी माझ्या हिमोग्लोबिनच्या आलेखाखाली मांडली. आलेखाची रेघ करवतीच्या दातांसारखी होती. रक्त घेतलं की बारावर चढायची, मग नऊपर्यंत घसरायची. आणि प्रत्येक घसरणीच्या तळाशी नावांची गर्दी होती. सानिका, अनिकेत, संकेत, रुबिना. पुन्हा वर चढलं की एकही नाव नाही.

"चाळीस वर्षं मी रक्त मोजतेय," आजी म्हणाल्या, "पण अशी नोंद पहिल्यांदा बघतेय."

यादी पुन्हा लागली. माझा नंबर चौतीसवरून आला सातवर.

सात! जागा सहा होत्या. मी न राहवून विचारलं, "सहावं कोण आहे?"

"जत तालुक्यातला एक आठ वर्षांचा मुलगा आहे. महिन्यातले दहा दिवस त्याची शाळा बुडते, आणि बाकीचे बरेच दिवस त्याची आई त्याला कडेवर घेऊन शाळेत जाते."

त्याला ढकलून मला काही नको होतं. आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"खरं सांगू का? यंत्राला सातवं मूल जड नाही. कमी पडतं ते रक्त. तुला एका वेळी दोन पिशव्या लागतात. एका माणसाच्या पिशवीत कोवळ्या पेशी जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे एका वेळेला दहा माणसं हवीत. उरलेल्या पेशी फुकट जात नाहीत, अपघातातल्या आणि शस्त्रक्रियेच्या माणसांना त्या चालतात, त्यांना आजची गरज असते. पण एकदा रक्त दिलं, की त्या माणसाने पुन्हा तीन-चार महिने द्यायचं नाही. चार महिन्यांत तुझ्या चार वेळा येतील. हिशेब कर."

"चाळीस माणसं," मी म्हणाले.

हा आकडा मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रुबिनाला सांगितला. ती डब्यातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

"वर्गात तुला सोडून किती जण आहेत?"

मोजायची गरज नव्हती. आमचा पट एक्केचाळीसचा.

रुबिनाने वही उलटी केली आणि कोऱ्या पानावर पुन्हा पाळ्या लावायला घेतल्या. आम्ही सगळे अठराच्या आतले, आम्हाला रक्त देता येत नाही. म्हणून प्रत्येकाने घरातलं किंवा शेजारचं एक मोठं माणूस आणायचं आणि दर चार महिन्यांनी त्याला आठवण करायची, असं ठरलं.

"आमच्या आज्ज्याला आणू का?" संकेतने विचारलं. "लई दणकट हाय."

"वय काय?"

"बाहत्तर."

"आज्ज्याला घरी ठेव. काकाला आण."

पहिलं नाव वाघमोडे सरांनी स्वतःच लिहिलं. रुबिनाचे अब्बा आले, मोठ्या बाई आल्या. सानिकाच्या आईला फुंकरने हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून परत पाठवलं. तिने दोन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली. माझ्या आईबाबांना मात्र रक्त देता येत नाही. ते दोघंही या आजाराचे वाहक आहेत (स्वतःला फारसा त्रास नसतो, पण मुलांपर्यंत आजार पोचू शकतो), आणि त्यांचंच हिमोग्लोबिन जेमतेम असतं. याचं बाबांना फार वाईट वाटायचं. मग ते बेदाण्याच्या पुड्या घेऊन केंद्राच्या दारात उभे राहिले. रक्त देऊन बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पुडी ठेवायचे आणि नमस्कार करायचे.

यातलं कुणाचं रक्त मला मिळालं, ते मला माहीत नाही. पिशवीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो, आणि ज्याला जे जुळेल ते दिलं जातं. आमच्या सरांचं रक्त कदाचित जतच्या त्या मुलाला गेलं असेल. मला कुणा कवठेमहांकाळच्या कंडक्टरचं मिळालं असेल. म्हणून रस्त्याने जाताना अनोळखी माणूस दिसला, की मी मनातल्या मनात त्याचे आभार मानून टाकते. चुकून बरोबर माणूस निघायचा.

एप्रिलच्या सत्तावीस तारखेला मला पहिलं तरुण रक्त मिळालं. फुंकरने हातावर गार हवा सोडली, सुई टोचली. रक्त दिसायला तेच होतं, लाल. पहिल्या वेळी ते सत्तावीसच दिवस पुरलं आणि मी हिरमुसले. "अगं, जुन्या शाळेतली मुलं अजून अंगात आहेत, ती जाऊ देत," आजी म्हणाल्या. चोवीस मेला दुसरी वेळ झाली.

आजी आता त्याच्याही पुढचा विचार करत आहेत. माझ्याच अस्थिमज्जेतली बिघडलेली सूचना दुरुस्त करायची, म्हणजे माझ्या शाळेच्या पहिलीत माझीच मुलं प्रवेश घेतील. असे उपचार आहेत, पण ते अजून फार थोड्यांना मिळतात. "तू कॉलेजात जाशील तोवर बघू," असं त्या म्हणतात आणि पेन्सिल उपसतात. तोवर माझं काम सोपं आहे. औषधं वेळेवर घ्यायची, पुस्तकं वाचायची आणि खरी नोंद ठेवायची. मला वाटतं, मीही पुढे रक्तच मोजणार.

पंधरा जूनला शाळा उघडली. दहावी ब. तो माझा बाविसावा दिवस होता. पूर्वी बाविसाव्या दिवशी मी एकतर मिरजेत असायचे, नाहीतर तिथून येऊन झोपलेली असायचे. त्या सकाळी मी जिना न थांबता चढले. बुटाची नाडी खरंच सुटली होती, तरी वर पोचूनच बांधली. बाबा खाली फाटकाशी उभे राहून बघत होते. मी वरून हात केला.

वर्गशिक्षक वाघमोडे सरच होते. त्यांनी खुर्ची फिरवून आमच्याकडे तोंड केलं आणि हजेरी सुरू केली.

"एकवीस. बावीस. तेवीस?"

"हजर सर!" दोन आवाज एकदम आले. एक माझा, आणि दुसरा सवयीने संकेतचा, आता तर दोन रेड्यांएवढा झालेला. वर्गात हशा पिकला. संकेतने जीभ चावली.

"खरात, तुमची हितली पाळी संपली," सर म्हणाले. "अठरा पुरी झाली की आता मिरजंला." मग ते माझ्याकडे वळले. चार वर्षांत हजेरी घेताना सरांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. "तेवीस, पुन्हा एकदा."

मी उभी राहिले. त्या क्षणी माझ्या अंगात निदान दहा माणसं माझ्याबरोबर वर्गात उभी होती, आणि त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

"हजर, सर."

सरांनी ते सावकाश लिहिलं.